‘पुरे!’ म्हणणारी ग्रंथी

मेलेला जीवाणू माणसाला आजारी पाडू शकतो का?

वर्गात विचारून बघा. बहुतेक जण मान हलवून ‘नाही’ म्हणतील आणि त्यांचं कारणही बिनतोड असेल. मेला म्हणजे मेला! तो वाढणार नाही, एकाचे दोन होणार नाही, जागचा हलणारसुद्धा नाही. मग करणार काय?

१८९२ च्या सुमारास बर्लिनमध्ये, रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत, रिचर्ड फायफर नावाचे डॉक्टर कॉलऱ्याच्या जीवाणूंवर काम करत होते. त्यांनी ते जीवाणू तापवून मारले आणि मेलेले जीवाणू गिनीपिगांना टोचले. गिनीपिगांचं अंग गार पडत गेलं आणि ते मेले. म्हणजे जीवाणू संपला तरी त्याच्या अंगातलं विष शाबूत होतं, आणि आचेनेही त्याचं काही वाकडं झालं नव्हतं. फायफर यांनी या विषाला ‘एंडोटॉक्सिन’ असं नाव दिलं. आता आपल्याला ठाऊक आहे, की हे विष जीवाणूच्या बाहेरच्या भिंतीतच असतं. चरबी आणि साखर यांचा तो एक जोडरेणू असतो. सगळ्या जीवाणूंच्या भिंतीत तो नसतो, पण कॉलरा, टायफॉइड आणि प्लेग या तिन्हींच्या जीवाणूंत असतो.

प्लेगवरून आठवलं. मेलेल्या जीवाणूंचा असाच एक प्रयोग आपल्या मुंबईत झाला आणि तो चक्क माणसावर! १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग शिरला. मूळचे गोव्याचे डॉ. आकासियो गाब्रियेल व्हिएगास यांनी तो ओळखला. मग लस बनवणारे शास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन यांना मुंबईला बोलावणं गेलं. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, तुटपुंज्या जागेत, त्यांनी लस बनवायला घेतली. त्यांची एक युक्ती मला फार आवडते. काचेच्या चंबूत मांसाचं सूप घ्यायचं आणि त्यावर तुपाचे थेंब सोडायचे. हो, तूपच! तूप तरंगायचं आणि त्या थेंबांना धरून प्लेगचे जीवाणू झुबक्यांनी खाली लोंबत वाढायचे. चंबू हलवला की झुबके तुटून तळाशी बसायचे आणि वर नवे लोंबायला लागायचे. पुरेसे झाले की सगळं तापवून जीवाणू मारायचे. झाली लस तयार.

१० जानेवारी १८९७ रोजी ही लस हाफकिन यांनी आधी स्वतःला टोचून घेतली, आणि तीही १० घन सेंटिमीटर. त्यांना सडकून ताप आला, टोचलेली जागा ठणकायला लागली. चंबूत एकही जिवंत जीवाणू नव्हता, तरीही! मग हळूहळू सगळं ओसरलं आणि ते पुन्हा कामाला लागले.

ताप कशाने चढला ते कळलं. पण तो ओसरला कसा? बोलायचं आहे ते त्याबद्दल. त्या दिवसांत हाफकिन यांच्या पोटात, पाठीच्या बाजूला, दोन छोट्या ग्रंथी जोरात कामाला लागल्या असणार. ‘असणार’ म्हणते, कारण तेव्हा ते मोजायची काही सोय नव्हती. आज आहे. धडधाकट माणसं डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे विष मुद्दाम टोचून घेतात, आणि त्यांच्या रक्तात काय काय घडतं ते तासातासाला मोजलं जातं. डोस किती? शरीराच्या दर किलोमागे २ ते ४ नॅनोग्रॅम. मोठ्या माणसासाठी याचा हिशेब केला तर मिठाच्या एका दाण्याचे दोनशेहून जास्त तुकडे करावे लागतील आणि त्यातला फक्त एक तुकडा घ्यावा लागेल. एवढ्याशा विषाने तास-दोन तासांत हुडहुडी भरते, डोकं दुखतं, अंग मोडून येतं, ताप चढतो. आणि त्याबरोबरच रक्तातलं एक संप्रेरक झपाट्याने वाढतं. त्याचं नाव कॉर्टिसॉल.

ते येतं ॲड्रिनल ग्रंथींतून. शाळेच्या पुस्तकात त्यांना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. दोन मूत्रपिंडं आणि त्यांच्या माथ्यावर एकेक ग्रंथी. उजवीकडची तिकोनी, डावीकडची अर्धचंद्राकृती. वजन चार-पाच ग्रॅम, म्हणजे पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा कमीच. आडवी कापली तर बाहेर पिवळंधमक साल दिसतं आणि आत तांबूस-करडा गर. पिवळेपणा चरबीचा. कारण कॉर्टिसॉल बनतं कोलेस्टेरॉलपासून, आणि या ग्रंथी कोलेस्टेरॉलचा साठा जवळ बाळगतात. तयार कॉर्टिसॉल मात्र साठवून ठेवत नाहीत. निरोप आला की ताजं बनवायचं आणि रक्तात सोडायचं.

एवढी कामाची ग्रंथी, पण माणसाला तिचं काम शोधून काढायला तीनशे वर्षं लागली! १५६३ मध्ये रोमच्या बार्तोलोमेओ युस्टाकी यांनी ती पहिल्यांदा नीट पाहून तिच्याबद्दल लिहिलं. पण ती करते काय? कुणालाच पत्ता नाही. शेवटी फ्रान्समधल्या बोर्दो शहराच्या विज्ञान अकादमीने चक्क स्पर्धा लावली: ‘ॲड्रिनल ग्रंथींचा उपयोग काय?’ निबंध आले. परीक्षक होते माँतेस्क्यू, तेच पुढे मोठे विचारवंत म्हणून गाजलेले. १७१८ मध्ये निकाल लागला. सगळे निबंध वाचून त्यांनी बक्षीस कुणालाच दिलं नाही. मला हा निकाल फार पसंत आहे. माहीत नसताना पानंच्या पानं भरणाऱ्यांना असंच उत्तर मिळायला हवं.

खरं उत्तर आजारी माणसांकडून मिळालं. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये डॉ. थॉमस ॲडिसन यांच्याकडे काही विचित्र रुग्ण येत. अंगात त्राण नाही, नाडी मंद, अन्नावर वासना नाही, आणि कातडी काळपट होत चाललेली. उन्हात न जाताही! ही माणसं खंगत खंगत मरत. ॲडिसन यांनी मृत्यूनंतर तपासणी केली तेव्हा ॲड्रिनल ग्रंथी खराब झालेल्या आढळल्या. कित्येकांच्या ग्रंथी क्षयरोगाने पोखरल्या होत्या. १८५५ मध्ये त्यांनी अशा ११ रुग्णांची हकिगत छापली. पुढच्याच वर्षी ब्राऊन-सेकार या शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या ॲड्रिनल काढून पाहिल्या. एकही प्राणी जगला नाही.

आता तुमच्यातला एखादा हुशार म्हणेल, “मला माहीत आहे, ॲड्रिनलमधून ॲड्रिनलिन येतं. कुत्रा मागे लागला की धावायला लावणारं!” बरोबर. पण ते आतल्या गरातून येतं, आणि त्याची कीर्ती जरा जास्तच झाली आहे. नुसता गर काढून टाकला तर प्राणी जगतो. साल काढलं तर मरतो. जगणं-मरणं सालाच्या हातात आहे. म्हणून ॲड्रिनलिनला आज आपण बाजूला बसवू या.

ॲड्रिनल काढलेला उंदीर का मरतो? एक कारण अगदी साधं आहे. सालातलंच ॲल्डोस्टेरॉन नावाचं दुसरं एक संप्रेरक शरीरातलं मीठ धरून ठेवतं. ते नसलं की मीठ लघवीवाटे वाहून जातं. बाल्टिमोरच्या कर्ट रिक्टर यांनी १९३६ मध्ये अशा उंदरांच्या पिंजऱ्यात दोन बाटल्या ठेवल्या. एकीत साधं पाणी, दुसरीत खारं. उंदरांना कुणी काही शिकवलं नव्हतं. त्यांनी आपणहून खारं पाणी ढोसायला सुरुवात केली आणि ते जगले! खायचे, प्यायचे, पिंजऱ्यात फिरायचे. पाहणाऱ्याला वाटावं, ॲड्रिनलशिवायही सगळं ठीक चाललं आहे.

पण ते ठीक नव्हतं. १९२० आणि ३० च्या दशकांत अनेक प्रयोगशाळांत हे दिसलं होतं. न्यूयॉर्कच्या मॉन्टेफिओरे रुग्णालयात डेव्हिड पर्ला आणि जेसी मार्मर्स्टन याच गोष्टीच्या मागे लागले होते. ॲड्रिनल काढलेल्या उंदराला मेलेल्या जीवाणूंची किंवा त्यांच्या विषाची अगदी थोडी मात्रा द्यायची. जेवढ्या मात्रेने धडधाकट उंदीर फार तर दिवसभर मलूल होऊन कोपऱ्यात बसेल, तेवढ्या मात्रेने हा उंदीर मरायचा. आणि त्याला सालाचा अर्क आधीच टोचला असेल तर बऱ्याचदा वाचायचा. (उंदरांचं वाईट वाटतं ना? मलाही वाटतं. आज असे प्रयोग करायचे तर त्याला कडक नियम असतात.)

मग सगळ्यांनी सरळ अंदाज बांधला: ॲड्रिनलचं संप्रेरक विष मारत असणार. विष आलं, संप्रेरक त्याला चिकटलं, विषाचा निकाल लागला. तुम्हालाही तसंच वाटलं ना?

तसं नाही! कॉर्टिसॉल विषाला हातसुद्धा लावत नाही.

याचा उलगडा व्हायला अमेरिकेतले काही खास उंदीर कामी आले. ‘सी-थ्री-एच हेज’ अशा भलत्याच नावाची ही जात. यांना एंडोटॉक्सिन टोचा, काही म्हणजे काही होत नाही. इतर उंदीर गारद होतील एवढी मात्रा दिली तरी हे आपले मिशा साफ करत बसतात. यांच्यात असं काय आहे? शास्त्रज्ञांनी यांच्या रक्तपेशी जिथे बनतात ती अस्थिमज्जा काढून तिथे साध्या उंदरांची मज्जा बसवली. झालं, हेही साध्यांसारखे विषाला बळी पडू लागले! उलट, साध्या उंदरांना यांची मज्जा दिली तेव्हा ते विष पचवायला लागले. विष तेच, मात्रा तीच, हृदय-फुप्फुसं ज्याची त्याचीच. बदलल्या फक्त रक्तातल्या पेशी.

जरा थांबून याचा अर्थ लावा. विष जर स्वतः अवयव जाळत असतं, तर पेशी बदलून फरक का पडला असता? म्हणजे मारणारं ते विष नव्हतंच. विषाचा वास लागल्यावर उंदराच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशी जे रान उठवतात, त्याने उंदीर मरतो.

गल्लीत चोर आला असं समजा. कुणीतरी “चोर! चोर!” ओरडलं. सगळी गल्ली काठ्या, बॅटी, मिळेल ते घेऊन अंधारात धावली. चोर एकच आणि तोही मघाशीच पळालेला. पण ओरडा ऐकून पलीकडच्या गल्लीतलेही आले. आता कोण कुणाला मारतंय याचा पत्ता नाही. दुकानाच्या काचा फुटल्या, सायकली आडव्या झाल्या, दोघा-तिघांची डोकी फुटली. सकाळी हिशेब केला तर चोराने नेलं काहीच नाही, सगळं नुकसान घरच्याच माणसांनी केलेलं. अशा वेळी गल्लीत एक तरी वजनदार माणूस लागतो, जो बाहेर येऊन म्हणेल, “पुरे! घरी चला.” ते काम कॉर्टिसॉलचं.

शरीरात हे कसं घडतं ते जवळून पाहू. भक्षक पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींच्या अंगावर एक प्रथिन असतं, टीएलआर-४ नावाचं. जीवाणूच्या भिंतीचा तुकडा ओळखणं हे त्याचं काम. त्या खास उंदरांमध्ये नेमकं हेच प्रथिन बिघडलेलं होतं, तेही त्याच्या जनुकातलं एकच अक्षर चुकल्यामुळे! हे १९९८ मध्ये ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने शोधून काढलं. त्यासाठी २०११ च्या नोबेल पुरस्कारात त्यांना वाटा मिळाला. (ते उंदीर भाग्यवान, असं वाटत असेल तर घाई करू नका. त्यांना विष चढत नाही हे खरं, पण टायफॉइडच्या जातकुळीतले जिवंत जीवाणू शिरले की हेच उंदीर इतरांच्या आधी मरतात. आरडाओरडाच झाला नाही, तर चोराला पकडणार कोण?)

तुकडा ओळखला गेला की भक्षक पेशी रक्तात निरोप सोडतात. त्यातल्या दोघांची नावं टीएनएफ आणि इंटरल्युकिन-१. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्या सैल होतात, त्यांतून पाणी बाहेर झिरपतं, आणखी पांढऱ्या पेशी धावून येतात. थोड्या प्रमाणात हे चांगलंच. बोटाला काटा रुतला की ते लाल होतं आणि सुजतं ते यामुळेच, आणि जीवाणू तिथल्या तिथे अडकतो. पण हेच सगळ्या अंगभर झालं तर? सगळ्याच वाहिन्या सैल पडल्या की रक्तदाब कोसळतो, बारीक नळ्यांत रक्ताच्या गाठी होतात, मूत्रपिंडं थकतात. डॉक्टर याला ‘सेप्टिक शॉक’ म्हणतात. १९८५ मध्ये ब्यूटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना टीएनएफला निकामी करणारी प्रतिपिंडं आधी दिली आणि मग एंडोटॉक्सिन टोचलं. विष होतंच, तरी बरेच उंदीर वाचले.

आता यातली सर्वांत देखणी गोष्ट. हुल्लड माजवणारं इंटरल्युकिन-१ स्वतःच मेंदूकडेही वर्दी देतं! त्या वर्दीने ताप चढतो आणि त्याच वर्दीने मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस जागा होतो. तो शेजारच्या पियुषिका ग्रंथीला सांगतो, पियुषिका रक्तातून ॲड्रिनलला सांगते, आणि पिवळ्या सालात कॉर्टिसॉल बनायला लागतं. म्हणजे दंगा सुरू करणाऱ्यानेच दंगा थांबवणाऱ्याला बोलावणं धाडलेलं असतं.

कॉर्टिसॉल पोचल्यावर काय करतं? हा रेणू तेलकट जातीचा असल्याने पेशीच्या पातळ आवरणातून सहज आत शिरतो. आत एक प्रथिन त्याची वाट पाहत असतं. ते दोघं मिळून केंद्रकात, डीएनएपाशी जातात. तिथे टीएनएफ कसं बनवायचं याची कृती भराभर वाचली जात असते. ते वाचन मंदावतं. दुसरीकडे दाह शमवणाऱ्या प्रथिनांच्या कृती जास्त वाचल्या जाऊ लागतात. या सगळ्याला वेळ लागतो, आणि आधीच रक्तात सुटलेलं टीएनएफ काही परत बोलावता येत नाही. म्हणून उंदरांवरच्या प्रयोगांत कॉर्टिसॉलसारखं औषध विषाच्या आधी किंवा बरोबरीने दिलं तर जीव वाचायचा. काही तासांनी दिलं तर बहुतेकदा उपयोग व्हायचा नाही.

१९८४ मध्ये अमेरिकेतल्या ॲलन मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विचार स्पष्ट शब्दांत मांडला: संकटात कॉर्टिसॉल वाढतं ते संकटाशी लढायला नव्हे, तर संकटावर उठलेल्या आपल्याच प्रतिकाराला आवर घालायला. त्याआधी पन्नास-साठ वर्षं लोक उंदीर मरताना बघत होते आणि संप्रेरकाने विष कसं मारलं तेच शोधत होते.

हे संप्रेरक हाती लागायलाही फार खटपट करावी लागली. स्वित्झर्लंडमध्ये टाडेउस राइखश्टाइन यांनी सुमारे २० हजार गुरांच्या ॲड्रिनल जमवल्या, म्हणजे जवळजवळ एक टन. त्यातून शेवटी कामाचा अर्क निघाला मूठभर, सुमारे २५ ग्रॅम. अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांचीही अशीच हमाली चालली होती. आणि मग दुसऱ्या महायुद्धात एक अफवा उठली! जर्मन वैमानिक ॲड्रिनलचा अर्क टोचून घेतात आणि ४० हजार फुटांवर आरामात विमानं उडवतात, त्यासाठी जर्मनी अर्जेंटिनातून गुरांच्या ग्रंथी विकत घेत आहे, अशी ती अफवा. ती धादांत खोटी होती. पण अमेरिकन सरकार दचकलं आणि ॲड्रिनलच्या संप्रेरकांवरच्या संशोधनाला जोर आला. १९४४ मध्ये मर्क कंपनीतल्या ल्युइस सॅरेट यांनी गुरांच्या पित्तापासून कॉर्टिसोन बनवून दाखवलं. शरीरात गेलं की यकृत कॉर्टिसोनचं कॉर्टिसॉल करतं. १९४८ मध्ये फिलिप हेंच यांनी ते सांधे आखडलेल्या एका तरुण बाईला दिलं आणि काही दिवसांत ती चालायला लागली. १९५० चं नोबेल केंडॉल, राइखश्टाइन आणि हेंच यांना मिळालं. अफवेचा असा उपयोग झाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी चटकन आठवत नाही.

उंदरांचं खूप झालं, माणसांचं काय? १९८० च्या दशकात इंडोनेशियाची राजधानी जकार्ता इथे टायफॉइडचे अत्यवस्थ रुग्ण यायचे. काही भ्रमिष्टासारखे बरळणारे, काही बेशुद्ध, काही शॉकमध्ये. टायफॉइडचा जीवाणू म्हणजे एंडोटॉक्सिनवालाच. स्टीफन हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ३८ रुग्णांना जीवाणू मारणारं औषध तर दिलंच, शिवाय २० जणांना डेक्सामेथासोनचे मोठे डोस दिले. डेक्सामेथासोन हे कॉर्टिसॉलचंच जास्त ताकदवान भावंड, कारखान्यात बनलेलं. उरलेल्या १८ जणांना तशाच दिसणाऱ्या बाटलीतून बिनऔषधी पाणी. कुणाला काय मिळतंय हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. पाणी मिळालेल्या १८ पैकी १० जण गेले. डेक्सामेथासोन मिळालेल्या २० पैकी २. हे आकडे १९८४ मध्ये छापून आले. आकडे वाचून अंगावर काटा येतो, असं माझ्या बाबतीत क्वचित होतं. इथे झालं.

ॲडिसन यांच्या त्या काळवंडलेल्या रुग्णांची दशाही आता पालटली आहे. हा आजार असलेली माणसं रोज कॉर्टिसॉलच्या गोळ्या घेतात आणि शाळेत, कामाला, क्रिकेट खेळायला जातात. फक्त त्यांना एक गोष्ट पक्की पाठ असावी लागते. ताप आला की डॉक्टरांनी सांगून ठेवल्याप्रमाणे गोळी दुप्पट किंवा तिप्पट करायची. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन घ्यायचं, तेही लगेच. कारण तुमची-माझी ॲड्रिनल ताप येताच आपोआप जे करते ते त्यांना हाताने करावं लागतं. पुष्कळ जण खिशात एक कार्ड ठेवतात. रस्त्यात बेशुद्ध पडलो तर आधी कॉर्टिसॉल टोचा, असं त्यावर लिहिलेलं असतं.

मग सगळ्यांनाच तापात कॉर्टिसॉल का देऊ नये? कारण ‘पुरे’ फार लवकर म्हटलं तर चोर मोकाट सुटतो. करोनाच्या साथीत हे लख्ख दिसलं. तो विषाणू होता, जीवाणू नव्हे, पण फुप्फुसात दंगा आपल्याच पेशींनी घातला होता. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा निकाल आला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना रोज फक्त ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दिलं तर मृत्यू एक तृतीयांशाने घटतात. पण ज्यांना ऑक्सिजनसुद्धा लागत नव्हता त्यांना काही फायदा झाला नाही. तरी २०२१ च्या लाटेत डेक्सामेथासोनसारखी स्वस्त औषधं आपल्याकडे नको तिथे आणि नको तितकी दिली गेली. त्यांनी प्रतिकार दाबला जातो आणि रक्तातली साखरही वाढते. मधुमेह असलेल्यांना त्याचा फटका बसला आणि महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराचे, रुग्ण किती वाढले ते तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा. कित्येकांचा जबडा किंवा डोळा गेला.

मग सेप्टिक शॉकमधल्या रुग्णाला द्यायचं की नाही? यावर २०१८ मध्ये एकाच वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात, एकामागोमाग एक, दोन मोठ्या चाचण्या छापून आल्या. पहिली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेली, सुमारे ३८०० रुग्णांची. तिचं नावच मुळी ‘ॲड्रिनल’! कॉर्टिसॉल मिळालेले शॉकमधून लवकर सावरले, पण ९० दिवसांनी मोजलं तर मृत्यू दोन्ही गटांत जवळपास सारखेच निघाले. दुसरी फ्रान्समधली, १२४१ रुग्णांची. तिच्यात मात्र मृत्यू कमी झाले. फ्रान्सवाल्यांनी कॉर्टिसॉलबरोबर आणखी एक गोळी दिली होती, ॲल्डोस्टेरॉनसारखं काम करणारी, म्हणजे मीठ धरून ठेवणारी. फरक त्या गोळीने पडला की फ्रान्समधले रुग्ण मुळातच जास्त अत्यवस्थ होते म्हणून? डॉक्टरांचे यावर अजून दोन तट आहेत. तोवर बहुतेक अतिदक्षता विभागांत रिवाज असा, की रक्तदाब वाढवणारं औषध चालू ठेवूनही दाब सावरत नसेल, तर कॉर्टिसॉल सुरू करायचं.